शांत दिवसाचे ठिगळ

शिबेनाईच्या वेधशाळेत मी नोकरीला लागलो तेव्हा गावात शाळा होती, टपाल कार्यालय होते आणि दिवसातून दोनदा येणारी रेल्वे होती. आता वेधशाळा तेवढी उरली आहे. निवृत्तीनंतर विद्यापीठाने मला वर्षावर्षाच्या कराराने पुन्हा ठेवून घेतले, कारण जपानच्या होक्काइदो बेटाच्या या पूर्वेकडच्या माळावर, भर हिवाळ्यात अँटेनाच्या खांबांवरचा बर्फ झाडायला यायला दुसरे कोणी तयार नव्हते. तंत्रनिकेतनातून बाहेर पडताना मला पूल बांधायचे होते. त्याऐवजी मी तारा ताणल्या, कललेले खांब सरळ केले आणि पाणी शिरलेल्या जोडण्या वाळवल्या. त्याची तक्रार नाही; माझे काम कुठे संपते आणि इतरांचे कुठे सुरू होते हे आधी स्पष्ट असावे, एवढ्यासाठी सांगितले.

इतरांचे काम असे. पृथ्वीपासून खूप वर गेले की हवा संपते, पण रिकामेपणा सुरू होत नाही. तिथे प्लाझ्मा असतो, म्हणजे विद्युतभार असलेले विरळ कण. ते पृथ्वीच्या चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि पुन्हा उलट अशी ये-जा करत राहतात. सूर्याकडून वादळ आले की या कणांत असमतोल साठतो. गिरक्या घेणारे जास्त होतात आणि सरळ जाणारे कमी. मग एखादी क्षीण लहर त्यांच्याकडून बळ घेऊ लागते, फुगते, आणखी बळ घेते आणि असमतोल फिटला की आपोआप विरते. या प्रकाराला अस्थिरता म्हणतात. अशा काही लहरी रेषांवरून घसरत जमिनीपर्यंत पोचतात. अँटेनात आलेली लहर थेट कर्ण्याला जोडली तर ती ऐकू येते. साध्या सकाळी तो आवाज झाडावर जमलेल्या पाखरांसारखा असतो. वादळ जोराचे असेल तर दूरच्या धबधब्यासारखा, अखंड.

या धबधब्यात नेझुला ठोका सापडला होता.

नेझु अकिहो ही आमची संशोधिका. पस्तिशी ओलांडलेली, तीन विद्यापीठांत मुदतीच्या नेमणुका करून आलेली. आमच्याकडची तिची मुदत मार्चअखेर संपणार होती. तिच्या लक्षात आले होते की वादळाच्या दिवशी शिबेनाईच्या नोंदीत ही लहर अखंड नसते. सेकंदाहून थोड्या जास्त अंतराने ती दबते आणि पुन्हा उसळते, नाडीसारखी. हा ठोका मे महिन्यात सुरू होई आणि नोव्हेंबरात थांबे. वरून जाणाऱ्या उपग्रहाला तो कधी दिसला नव्हता, पण उपग्रह नेमका आमच्या रेषेवर क्वचितच असतो, असे त्याचे उत्तर होते. उन्हाळ्यातले लांब दिवस आणि वरच्या थरावर पडणारे ऊन यांच्याशी सांगड घालून तिने सिद्धांत मांडला, शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि आमच्या विभागाचे प्रमुख प्राध्यापक इसोगाई यांना बऱ्याच वर्षांनी परदेशातून पत्रे येऊ लागली. इसोगाई सर त्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते. निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाने फेब्रुवारीत अखेरचे व्याख्यान द्यायचे अशी आमच्याकडे रीत आहे, आणि सरांच्या व्याख्यानाचा शेवटचा भाग हा ठोकाच असणार होता. दक्षिणेतल्या एका विद्यापीठात कायमची जागा निघाली होती. तिथे सरांनी नेझुचे नाव ठोक्याच्या बळावर सुचवले होते आणि जानेवारीत तिची मुलाखत ठरली होती.

डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी मी खांब झाडून आत आलो तेव्हा नेझु संगणकाच्या पडद्यासमोर उभी होती. अंगातला कोटही तिने काढला नव्हता.

"तोरिगोएकाका, इकडे या. हे बघा. डिसेंबरात!"

पडद्यावर वादळाची दाट पट्टी होती आणि तिच्यात फणीच्या दातांसारखे एकसारखे ठोके.

"हिवाळ्यात येत नाही म्हणालीस ना?"

"नाहीच येत. म्हणजे येत नव्हता." ती हसली, पण लगेच डोळे चोळू लागली. "आता सगळा सिद्धांत पुन्हा मांडावा लागणार. मुलाखतीच्या तोंडावर."

तिने सरांना फोन लावला. सरांचा आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होता. सिद्धांत बदलला तर बदलू दे, ते म्हणत होते, ठोका हिवाळ्यातही आहे म्हणजे तो आणखी मोठा आहे. नेझु फोनवर मान लववून होकार देत राहिली. फोन ठेवल्यावर ती स्टोव्हजवळच्या स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. आनंद झालेले माणूस असे बसत नाही, पण दमलेले माणूस बसते, म्हणून मी काही विचारले नाही.

"चल," शेवटी मी म्हणालो. "सुमिएताईंना शब्द दिलाय."

ओवादा सुमिए आमच्या शेजारीण. शेजारीण म्हणजे आमच्या खांबांपासून त्यांचे शेत दिसते एवढेच. मध्ये मोठा ओढा आहे. नवरा गेल्यावरही त्या एकट्या साखरबीट आणि भोपळा करतात. इथे हरणे कळपाने येतात, त्यामुळे प्रत्येक शेताभोवती विजेच्या तारा असतात आणि त्यांना झटका मशीन जोडलेली असते. बर्फ पडण्याआधी तारा उतरवाव्या लागतात, नाहीतर बर्फाच्या ओझ्याने त्या तुटतात. पूर्वी सगळा गाव एकत्र येऊन ओळीने एकेका शेताच्या तारा उतरवत असे आणि शेवटच्या शेतावर मेजवानी होई. आता एकत्र यायला गाव नाही. त्या वर्षी सुमिएताई पायऱ्यांवरून घसरल्या, मनगट मोडले, सप्पोरोतला मुलगा येतो येतो म्हणत आला नाही, आणि बर्फाचा पहिला थर पडून गेला तरी त्यांच्या तारा उभ्याच होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा त्या हात गळ्यात बांधून अंगणात उभ्या होत्या.

"या, या. आकाशवाले आले. जमिनीवरचं काम जमेल ना?"

"बघू या," मी म्हणालो. "मशीन बंद केलीत का?"

"कशाला करू? तू यायच्या आधी हरणं आली असती म्हणजे? बिटाचा ढीग तिकडे कडेला पडलाय, ट्रकवाल्याचा पत्ता नाही." त्या नेझुकडे वळल्या. "आणि ही पोर केवढीशी झालीय! जेवतेस का नाही? का तिकडे हवा खाऊनच राहता?"

"जेवते हो आजी."

"काय जेवतेस? पाकिटातल्या शेवया. मला माहितीये. कचऱ्याच्या दिवशी बघते ना मी तुमच्या पिशव्या."

सुमिएताई आत गेल्या, मशीन बंद केली आणि खिडकीतून हात हलवला. आम्ही एका टोकाने सुरुवात केली. मी खुंटीवरची तार सोडवायची, नेझुने ती रिळावर गुंडाळायची. हातमोजे ओले झाले की बोटे वाकत नाहीत. शेताच्या लांब बाजूला वारा सरळ अंगावर येत होता आणि आम्ही दोघे बोलण्याच्या भानगडीत पडलो नाही. काम संपले तेव्हा सुमिएताईंनी लाल चवळीबरोबर शिजवलेला भोपळा पुढे ठेवला.

"तोरिगोए, इतकी वर्षं कान लावून बसलास. आकाश काही बोलतं का रे?"

"बोलतं की. रोज सकाळी."

"आणि म्हणतं काय?"

"ते अजून कळायचंय."

"अगदी माझ्या नवऱ्यासारखं," त्या म्हणाल्या आणि नेझुच्या वाडग्यात आणखी भोपळा घातला.

परत आलो तेव्हा वादळ चालूच होते. पडद्यावरची पट्टी सकाळइतकीच दाट होती, पण ठोका नव्हता. हळूहळू विरला असता तर गोष्ट वेगळी. तो एका जागी सुरीने कापल्यासारखा संपला होता आणि त्यापुढे लहर अखंड होती.

नेझुने त्या जागेवर बोट ठेवले.

"काका, आजींनी मशीन बंद केली तेव्हा किती वाजले होते?"

"माझ्या हातात मोजे होते. घड्याळ पाहिलं नाही."

तिने सुमिएताईंना फोन लावला.

"किती वाजले होते ते कसं सांगू बाई? मी काय स्टेशनमास्तर आहे? थांब. रेडिओवर बातम्यांची घंटा वाजली, बाईनं नमस्कार म्हटलं, आणि मी बटण दाबलं. का? काय झालं? पुन्हा लावू का मशीन?"

"नको आजी. राहू दे."

रेडिओच्या बातम्यांची वेळ आणि पडद्यावरची कापलेली जागा एकच होती.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. झटका मशीनचा टकटक आवाज आमच्या अँटेनात येतो हे काही गुपित नव्हते. मशीन सेकंदाहून थोड्या जास्त अंतराने तारेत झटका सोडते आणि प्रत्येक झटक्याला अँटेनात टक् होते. गावात अशा मशीन येऊ लागल्या तेव्हा, तरुणपणी, इसोगाई सरांनीच त्यावर उपाय काढला होता. नोंद विद्यापीठात गेली की गणकयंत्र प्रत्येक टक् शोधी, तिच्या आजूबाजूचा बारीक तुकडा कापून टाकी आणि त्या जागी शांत दिवसाचा तुकडा लावी. उपाय चांगला होता. साफ केलेली नोंद ऐकून कुंपण असल्याची शंकाही येत नसे. पुढे आम्ही सगळे साफ नोंदच वापरू लागलो, आणि कच्ची नोंद जागा अडवते म्हणून दर वर्षअखेरीस पुसून टाकू लागलो. कुंपण म्हणजे मिटलेला प्रश्न होता. त्याकडे पुन्हा बघायचे म्हणजे सरांच्या कामावर शंका घ्यायची, आणि तसे कुणाच्या मनातही आले नाही.

नेझुने त्या सकाळची कच्ची नोंद काढली. मी अँटेनाच्या केबलचे टोक तपासायला गेलो, कारण तेवढेच माझ्या हातात होते. केबल ठीक होती. परत आलो तेव्हा तिने दोन्ही नोंदी पडद्यावर एकाखाली एक लावल्या होत्या.

"काय झालंय सांगू?" ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "आपण शांत दिवसाचं ठिगळ लावतो. दिवस शांत असेल तर ठिगळ कापडात मिसळून जातं, दिसतच नाही. पण वादळाच्या दिवशी सगळं कापड भडक असतं आणि ठिगळ तेवढं फिकं. प्रत्येक झटक्याला एक फिकं ठिगळ. लहर दबते, उसळते, दबते, उसळते."

"म्हणजे ठोका..."

"लहर अखंडच आहे. ठोका आपण कापून तयार केलाय." तिने पडदा बंद केला. "म्हणून तो मे महिन्यात येतो. तेव्हा तारा चढतात. नोव्हेंबरात जातो, तेव्हा उतरतात. म्हणून फक्त वादळातच दिसतो. म्हणूनच उपग्रहाला दिसत नाही. उपग्रहाजवळ हरणं नाहीत."

या शेवटच्या वाक्यावर ती स्वतःच हसली, आणि मग हसणे थांबवायला तिला वेळ लागला.

मी म्हणालो, "एकच सकाळ आहे ही."

"हो. मशीन बंद होताना पकडलेली एकच आहे. मागच्या वर्षांच्या कच्च्या नोंदी आपण पुसल्या." तिने माझ्याकडे पाहिले. "आणि या वर्षाच्याही, हिच्यासकट, अठ्ठावीस तारखेला पुसल्या जातील."

अठ्ठावीस डिसेंबर म्हणजे वर्षअखेरच्या साफसफाईचा दिवस. त्या दिवशी सगळे मिळून वेधशाळा धुऊनपुसून काढतो, इसोगाई सरही शहरातून येतात, डोक्याला फडके बांधून खिडक्या पुसतात, आणि काम संपत आले की मी दरवर्षीप्रमाणे विचारतो, "डिस्क साफ करू?" सर म्हणतात, "करा." त्यानंतर सोबा, म्हणजे वर्षअखेरीच्या शेवया, खाऊन सगळे घरी जातात. म्हणजे नेझुने काहीच करायची गरज नव्हती. खोटे बोलायचे नव्हते, कुठले बटण दाबायचे नव्हते. नुसते गप्प राहिले की ती सकाळ आपोआप नाहीशी होणार होती, आणि मुलाखत त्यानंतर होती.

"मी एक प्रत काढून ठेवू का?" मी विचारले.

"थांबा," ती म्हणाली. "आत्ता नको."

मी थांबलो. प्रत काढायला तिची परवानगी लागत होती असे नाही. पण निबंध तिचा होता, जागा तिची होती, आणि तिच्या मागे उभे राहून तिच्यासाठी दार बंद करणे मला योग्य वाटले नाही. हे बरोबर की चूक, यावर मी त्या दिवसांत विचार केला आणि उत्तर न काढता सोडून दिला. माणूस थकला की असेही करतो.

पुढचे दिवस तिने मुलाखतीची तयारी केली. मी सकाळी यायचो तेव्हा ती आरशासारख्या काळ्या खिडकीसमोर उभी राहून भाषण म्हणत असे. ठोक्यापर्यंत आली की अडखळे, पाणी पिई, पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. एकदा म्हणाली, "काका, माझ्या आईला वाटतं मी हवामानखात्यात आहे. दर वेळी विचारते, उद्या पाऊस आहे का. कायमची जागा मिळाली की तिला नीट समजावून सांगणार होते."

"सांगशील की."

"काय सांगू? कुंपण?"

सरांचा रोज फोन येई. त्यांनी व्याख्यानाला शीर्षक दिले होते, आणि शीर्षकात ठोका होता.

अठ्ठावीस तारखेला सर दुपारच्या आत आले. सोबत दोन विद्यार्थ्यांना आणायचे होते, पण रस्ता घसरडा म्हणून ते शहरातच राहिले होते. सरांनी फडके बांधले आणि उत्तरेकडची खिडकी घेतली. ती दरवर्षी त्यांचीच. मी फरशीला लागलो. नेझु कपाटे रिकामी करत होती.

"नेझु, दक्षिणेत गेलीस की तुला अशी खिडकी पुसायला मिळायची नाही," सर म्हणाले. "तिकडे माणसं ठेवलेली असतात."

"हो, सर."

"आणि बर्फ नाही. मला आयुष्यभर म्हणत होते, शहरात बसून सिद्धांत करा. पण खांब इथे आहेत तर माणसानं इथे यायला नको?" ते काचेवर फुंकर मारून पुन्हा पुसू लागले. "निदान शेवटी काहीतरी हाताला लागलं. तुझ्यामुळे."

नेझु एका कपाटात डोके घालून काहीतरी शोधत राहिली. त्या कपाटात काही नव्हते. मी ते सकाळीच रिकामे केले होते.

फरशी संपली. बादली बाहेर रिकामी करून मी आत आलो आणि संगणकासमोर बसलो. दरवर्षीचा प्रश्न विचारायचा की नाही हा विचार मी अनेक दिवस टाळला होता. न विचारावे, तर ते तिच्या वतीने बोलण्यासारखे होते. म्हणून मी विचारले.

"डिस्क साफ करू?"

"करा, करा," सर म्हणाले.

"थांबा," नेझु म्हणाली.

तिने हातातले फडके घडी करून टेबलावर ठेवले. सर खिडकीपाशीच वळले.

"सर, मला तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय. आधी बोलायला हवं होतं. जमलं नाही."

तिने ती सकाळ लावली. आधी साफ केलेली नोंद: लहर उसळत होती, दबत होती, उसळत होती. सर मान डोलावत ऐकत होते; हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. मग तिने कच्ची नोंद लावली. धबधबा अखंड, आणि त्याच्यावर कोरडी टक्, टक्, टक्. मग त्या नोंदीत एका जागी टक् थांबली आणि नुसता धबधबा उरला.

"इथे ओवादा आजींनी मशीन बंद केली," नेझु म्हणाली. "मी दोन्ही आणखी एकदा लावते."

"नको," सर म्हणाले. मग स्टुलावर बसून म्हणाले, "लाव."

दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते. ओले फडके त्यांच्या हातातच होते आणि त्याचे पाणी मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ठिबकत होते. त्यांना समजावून सांगावे लागले नाही. ठिगळ त्यांनीच शिवले होते.

"वादळाच्या दिवशी वादळाचंच कापड लावायला हवं होतं," ते म्हणाले. "तेव्हा गावात चारदोन मशीन होत्या. वादळात कोण ऐकतंय त्या वेळी? आणि नंतर मी विसरलो."

"सर, मी तपासायला हवं होतं."

"माझं काम तू कशाला तपासशील?"

"निबंध माझा आहे म्हणून."

सरांनी डोक्याचे फडके सोडले. "निबंध मागे घ्यावा लागेल. त्याची टीप मी लिहितो, माझ्या एकट्याच्या नावानं. साफ करायची पद्धत माझी आहे. चूक तिथली आहे."

"निबंधावर माझं नाव पहिलं आहे."

"तुझी मुलाखत आहे, नेझु."

"म्हणूनच. तुमच्या नावानं टीप आली आणि मी तिथे जाऊन बसले, तर काय दिसेल ते?"

"तू अडतीस वर्षांची होशील. मी निवृत्त होतोय. कुणाला महाग पडेल याचा हिशोब कर ना जरा."

"केला. दहा दिवस तोच करतेय."

दोघेही आवाज न चढवता भांडत होते आणि दोघांनाही चूक आपल्याकडे ओढून घ्यायची होती. इतक्यात दार ढकलून सुमिएताई आल्या. मोडक्या हाताच्या बाजूला पिशवी लटकवलेली, दुसऱ्या हातात सोब्याचा डबा.

"जोडे काढू का? फरशी ओली दिसतेय. आणि हे काय, सगळ्यांचे चेहरे असे? कुणी गेलं का?"

मी म्हणालो, "सुमिएताई, नेझुनं जे शोधलं होतं ना, ते तुमचं कुंपण निघालं."

"माझं कुंपण?" त्यांनी डबा ठेवला. "म्हणजे तीन वर्षं ही पोर माझंच कुंपण ऐकत बसली होती?"

"तसंच काहीसं, आजी," नेझु म्हणाली.

"आणि परदेशात छापून आलं होतं ते?"

"हो."

"अग बाई!" त्या खुर्चीत बसल्या. "माझ्या नवऱ्यानं बसवलेलं कुंपण. परदेशात गेलं आणि हा माणूस कधी सप्पोरोच्या पुढे गेला नाही." मग त्यांना आवाजातला फरक कळला असावा. त्यांनी नेझुकडे नीट पाहिले. "वाईट झालं का ग फार?"

"थोडं," नेझु म्हणाली आणि तोंड फिरवून डब्याचे झाकण उघडू लागली. झाकण घट्ट होते. ते सरांनी उघडून दिले.

आम्ही सोबा खाल्ला. वर्षअखेरचा सोबा उरू देऊ नये असे मानतात, पण त्या दिवशी तो उरला. सरांनी वाडगा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "नावं दोन्ही. क्रम निबंधात आहे तोच. तुझं पहिलं. पण पद्धत माझी होती हे वाक्य मी लिहिणार, आणि त्यातला एकही शब्द तू बदलायचा नाहीस."

"बरं, सर."

"आणि त्या विद्यापीठाला मी कळवतो."

"ते मी कळवते."

"आज तिथे कोण असणार? सगळे घरी गेले असतील."

"कुणी नसलं तर परत लावीन."

ती शेजारच्या खोलीत गेली. दार पुरते लागत नाही, ते माझ्या यादीत कधीचे आहे. निवड समितीचे कुणीतरी जागेवर होते. तिने नाव सांगितले, कामात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमा मागितली, आणि मग निबंध मागे घेत असल्याचे आणि का, ते सगळे क्रमाने सांगितले. कुठेही अडखळली नाही. फटीतून मला तिची पाठ दिसत होती. प्रत्येक वाक्यानंतर ती फोनला वाकून नमस्कार करत होती. पलीकडून फार बोलणे झाले नसावे. "हो. समजलं. कळवायची वाट पाहते," एवढे म्हणून तिने शेवटचा नमस्कार केला आणि सरळ व्हायला थोडा वेळ घेतला.

"काय म्हणाले?" सरांनी विचारले.

"प्रामाणिकपणे कळवलंत, आभारी आहोत, म्हणाले. अर्जाचा विचार नव्याने करू."

नव्याने विचार करू म्हणजे काय, ते आम्हा तिघांना ठाऊक होते. सुमिएताईंना नव्हते; त्या म्हणाल्या, "मग चांगलंच की," आणि कुणी त्यांना दुरुस्त केले नाही.

त्या वर्षी डिस्क पुसली नाही. संध्याकाळच्या आत सर शहराकडे निघाले. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत नेझु वाकून उभी होती, रीतीप्रमाणे.

जानेवारीत दक्षिणेतून उत्तर आले. जागा दुसऱ्याला मिळाली होती. फेब्रुवारीतल्या व्याख्यानात सरांनी शेवटचा भाग गाळला आणि त्याच्या जागी काही बोलले नाहीत, त्यामुळे व्याख्यान लवकर संपले. लोक टाळ्या वाजवाव्यात की प्रश्न विचारावेत अशा संभ्रमात थोडा वेळ बसून राहिले, आणि मग पुष्पगुच्छ आणले गेले. नेझुने मार्चपर्यंतचा वेळ साफ करण्याची पद्धत बदलण्यात घालवला. आता ठिगळ त्याच दिवसाच्या, आजूबाजूच्या कापडाचे लागते. एप्रिलमध्ये ती सेंदाइला गेली. तिथे भूकंपाची यंत्रे बसवणाऱ्या एका कचेरीत तिला काम मिळाले आहे, पुन्हा मुदतीचेच.

निबंध मागे घेतल्याची टीप उन्हाळ्यात छापून आली. तिने मला एक प्रत पाठवली. नेझु अकिहो, त्याखाली इसोगाई. सहा-सात ओळी, कुंपणाचा उल्लेख, पद्धतीचे ते एक वाक्य, आणि ज्यांनी हे निष्कर्ष वापरले असतील त्यांची क्षमा. मी ती चष्मा लावून दोनदा वाचली. तिच्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.